जुन्या संगणकाला नवा दम



कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी उभी राहते, ती तुम्ही पाहिली असेल. गाडीच्या मागे आणखी इंजिने येऊन लागतात. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. ही इंजिने गाडीला मागून रेटतात आणि गाडी बोरघाट चढते. लोणावळ्याला घाट संपला की ती सुटतात. एका इंजिनाला घाट झेपत नाही, म्हणून कोणी सगळी गाडी मोडीत काढत नाही. जिथे चढ आहे तिथे तेवढा जोर वाढवायचा, एवढेच.

जुन्या संगणकाचेही तसेच आहे. आज त्याविषयीच सांगणार आहोत.

आता आपल्याकडे बऱ्याच घरांत संगणक आला आहे. कोणी मुंबईहून जुना आणला. कोणाला कारखान्याच्या कचेरीने मोडीत काढलेला मिळाला. त्यावर विजेचे बिल भरता येते, सातबारा पाहता येतो, मुलांचा अभ्यास होतो. इथवर सगळे ठीक चालते. मग एक दिवस मुलगा म्हणतो, "बाबा, ह्याच्यावर गेम चालत नाय. सारखा अडकतो. नवीन घेऊया."

खेळासाठीचा नवा संगणक घ्यायचा म्हणजे चाळीस-पन्नास हजार रुपये सहज लागतात. दुकानदार हसून म्हणतो, "हप्ते बांधून देतो, काळजी कशाला?" काळजी कशाला ते घरच्या माणसाला ठाऊक असते. आपली शेती पावसाळी भाताची. एक पीक निघते. बाकी महिने खोपोली-रसायनीकडे कंत्राटी काम मिळाले तर मिळाले. दोन वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतला आणि मध्येच काम सुटले, तर खेळ राहतो बाजूला आणि मुलीची फी अडते.

तुम्ही म्हणाल, मास्तर, खेळासाठी इतका खटाटोप हवा कशाला? नाहीच म्हणून सांगावे! आमचे मत थोडे वेगळे आहे. मुले खेळणारच. आमच्या वेळी विटी-दांडू होता, आता पडदा आहे. अभ्यास आणि घरचे काम झाल्यावर मुलगा तासभर घरात आपल्या डोळ्यांसमोर खेळला, तर त्यात वावगे काही नाही. मात्र त्यासाठी कर्ज काढायचे कारण नाही. थोड्या पैशांत, काही वेळा तर फुकटात, जुना संगणक पुष्कळ सुधारतो. कसा सुधारतो हे मुलालाही कळू द्या. पुस्तकात न मिळणारे शिक्षण त्यात आहे.

खेळ अडकतो म्हणजे काय?

सिनेमात माणसे चालताना दिसतात. खरे म्हणजे पडद्यावर एकामागून एक स्थिर चित्रे पडत असतात. एका सेकंदात २४ चित्रे. ती इतकी भराभर बदलतात की आपल्या डोळ्यांना ती हलल्यासारखी वाटतात.

संगणकाच्या खेळातही हेच होते. फरक एवढाच, की सिनेमातली चित्रे आधीच काढलेली असतात. खेळातली चित्रे आधी काढून ठेवता येत नाहीत. मुलगा डावीकडे वळेल की उजवीकडे, हे संगणकाला काय माहीत? मुलाने कळ दाबली, की त्या क्षणी नवे चित्र काढायचे. ते संपते न संपते तोच पुढचे. सेकंदाला ३० चित्रे निघाली तर खेळ बरा चालतो. ६० निघाली तर अगदी मऊ चालतो. दहा-बारावर आली, की मुलगा म्हणतो, "अडकतो." साधा पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो. म्हणून त्याहून जास्त चित्रांसाठी पैसे घालण्यात आपल्याला फायदा नाही.

हे काम चौघे मिळून करतात. एक प्रोसेसर. तो हिशेब करतो. कोण कुठे उभा आहे, चेंडू कुठे पडणार, हे तो ठरवतो. दुसरी रॅम. ती म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हाताशी लागणारे सामान त्यावर मांडलेले असते. तिसरी डिस्क, म्हणजे धान्याची कणगी. सगळा साठा तिथे असतो, पण दर वेळी उठून तिथवर जावे लागते. चौथा ग्राफिक्सचा भाग. हा चितारी. प्रत्यक्ष चित्र काढणारा हाच.

घाटात एक ट्रक बंद पडला, की मागच्या नव्या मोटारीही खोळंबतात. मोटार नवी आहे म्हणून ती पुढे जात नाही. संगणकातही चौघांत जो थकला असेल, त्याच्या चालीने बाकीच्यांना चालावे लागते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी थकलेला कोण आहे ते शोधायचे. वैद्यही आधी नाडी पाहतो, मग पुडी देतो.

ही नाडी घरीच पाहता येते. खेळ सुरू करा. पाच-दहा मिनिटे चालू द्या. मग कीबोर्डवरच्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची पाटी उघडते. तिच्यात प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स ह्यांच्यापुढे शेकड्याचे आकडे दिसतात. ९५, ९८, १०० असा आकडा ज्याच्यापुढे टिकून राहतो, तो थकलेला. तो कागदावर लिहून ठेवा. दुकानात जाताना हा कागद खिशात असला, की दुकानदार तुम्हाला भलतीच वस्तू सहज गळ्यात मारू शकत नाही.

धूळ आणि उष्णता

आता एक खूण लक्षात ठेवा. खेळ पहिली दहा मिनिटे चांगला चालतो आणि मग एकदम मंद होतो. असे होत असेल, तर आधी दुकानात जाऊ नका. संगणक उघडा. बहुतेक वेळा आत धूळ सापडते.

प्रोसेसर काम करू लागला की तापतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक गठ्ठा असतो आणि त्यावर पंखा. पट्ट्या उष्णता ओढून घेतात, पंखा ती उडवून लावतो. पट्ट्यांच्या फटीत धूळ बसली, की वारा जायला वाट राहत नाही. उष्णता शंभर अंशांच्या आसपास पोचली, की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून आपला वेग कमी करतो. भर उन्हात नांगराचा बैल दमून सावकाश चालू लागतो ना, तसा. त्याला चाबूक मारून उपयोग नाही. सावलीत उभा करावा लागतो.

आपल्या भागात धूळ कमी नाही. वीटभट्ट्या आहेत, रस्त्याची कामे चालू असतात. ज्या घरात चूल पेटते तिथे धुराची काजळी धुळीत मिसळते आणि ती तेलकट धूळ पट्ट्यांना चिकटून बसते. पावसाळ्यात दमट हवा. त्यातून संगणकाच्या उबेला मुंग्या, कोळी आणि पाली येतात. पाल आत शिरून तारांना चिकटली, तर पाल मरते आणि संगणकही बंद पडतो.

साफ कसा करायचा ते सांगतो. संगणक बंद करा. भिंतीतून वायर काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही, वायरच काढा. मग संगणकाचे चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचा पत्रा उघडा. उघड्या लोखंडी पत्र्याला एकदा हात लावा. आपल्या अंगावरची वीज तिथे उतरते, नाजूक भागांवर जात नाही. आता रंगाचा मऊ, कोरडा ब्रश घ्या आणि हलक्या हाताने धूळ झाडा. हवा मारायचा ब्लोअर मिळाला तर उत्तमच. पण हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ते भलत्याच वेगाने फिरू देऊ नका. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. ओले फडके तर मुळीच नको. हे काम ओटीवर किंवा अंगणात करावे. घरात केले तर घरची माणसे तुम्हाला बोलतील, आणि ते रास्तच होईल.

एक डबी मात्र कधीही उघडायची नाही. मागे जिथे विजेची वायर लागते ती पत्र्याची डबी, म्हणजे पॉवर सप्लाय. वायर काढली तरी तिच्या आत वीज साठून राहते आणि झटका बसतो. तिची धूळ बाहेरूनच झाडावी.

प्रोसेसर आणि धातूचा गठ्ठा ह्यांच्यामध्ये एक लेप असतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. आठ-दहा वर्षांत तो वाळून खडखडीत होतो. त्याची लहान नळी शे-दोनशे रुपयांत मिळते. जुना लेप स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा आणि मधोमध मसुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा नवा थेंब ठेवायचा. जास्त घातला म्हणजे जास्त थंड होतो, असे नाही. पहिल्यांदा हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे आणि आपण शेजारी उभे राहून पाहावे.

साफ केल्यावर संगणक जमिनीवर ठेवू नका. पाटावर किंवा टेबलावर ठेवा. मागे वीतभर जागा सोडा. बंद कपाटात तर नकोच. काही माणसे प्रेमाने त्यावर विणलेले आच्छादन घालतात आणि चालू असतानाही ते काढत नाहीत. ते आच्छादन रात्री घालावे.

फुकटचे उपाय

दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात. ठिपके जास्त घेतले की रांगोळी मोठी आणि वेळही जास्त. पडद्यावरचे चित्रही ठिपक्यांचेच असते. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करून पाहा. २०,७३,६०० ठिपके होतात. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन हेच आडवे १२८० आणि उभे ७२० केले, तर ठिपके होतात ९,२१,६००. म्हणजे निम्म्याहूनही कमी. चितारी तोच, पण त्याचे काम निम्म्याहून कमी झाले. चित्र थोडे भरड दिसेल, पण खेळ पळू लागेल. मुलाला विचारा, देखणे आणि अडकणारे हवे, की साधे आणि धावणारे? तो काय सांगेल ते आम्हाला ठाऊक आहे.

त्याच सेटिंगमध्ये सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबे, दूरचे गवत अशा गोष्टी कमी करता येतात. पहिला हात सावल्यांना लावावा. झाडामाणसांच्या सावल्या काढण्यात चितारी फार दमतो, आणि सावली नसली म्हणून खेळाचे काही अडत नाही.

खेळताना मागे दुसरी कामे चालू ठेवू नयेत. इंटरनेटची वीस पाने उघडी, एकीकडे गाणे चालू, एकीकडे काही उतरवून घेणे चालू, आणि वर खेळ! ओट्यावर इतका पसारा असल्यावर भाकरी थापायची कुठे? टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' असे एक पान असते. संगणक सुरू होताच कोणकोणते प्रोग्राम आपणहून जागे होतात, ते तिथे दिसते. नको असलेले बंद करा. विषाणूपासून राखण करणारा प्रोग्राम मात्र चालूच असू द्या. विजेच्या सेटिंगमध्ये 'हाय परफॉर्मन्स' हा पर्याय असेल तर तो निवडा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा.

'एका क्लिकमध्ये संगणक दसपट वेगवान करा' अशा जाहिराती पडद्यावर येतात. ते प्रोग्राम घेऊ नयेत. रॅम ही वस्तू आहे. ती जाहिरातीने वाढत नाही.

खोपोलीकडच्या एका घरातली गोष्ट सांगण्याजोगी आहे. मुलगा दहावी झालेला, वडील कारखान्यात. संगणक दहा वर्षांचा. एका दुकानदाराने तपासण्याआधीच सांगितले, "ह्यात आता काही राहिले नाही, नवा घ्या." हप्त्याचा कागदही पुढे केला. वडिलांनी सही केली नाही. कागद वाचून दाखवा म्हणाले, आणि व्याजाचा आकडा ऐकून उठले. घरी येऊन बापलेकांनी संगणक उघडला. पंख्याखाली धुळीची गादीच बसली होती. ती काढली. ठिपके कमी केले. रॅमची एक जुनी पट्टी विकत आणून बसवली. मुलगा आधी सेकंदाला पंधरा चित्रे मोजत होता, त्याची तीसच्या वर गेली. खर्च हप्त्याच्या एका महिन्याच्या रकमेइतकाही आला नाही.

रॅम आणि डिस्क

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली दिसली, तर रॅम वाढवावी. जुन्या संगणकांत ती बहुधा ४ जीबी असते. आजच्या खेळांना ती अपुरी पडते. ८ जीबी केली की फरक लगेच जाणवतो. १६ केली तर चांगलेच, पण ४ वरून ८ वर जाताना जेवढा फरक दिसतो तेवढा पुढे दिसत नाही.

इथे एक बारकी गोष्ट आहे आणि ती पुष्कळ दुकानदार सांगत नाहीत. ८ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन सारख्या पट्ट्या लावाव्यात. कर्जतहून कल्याणकडे जाताना येण्याचा रूळ वेगळा आणि जाण्याचा वेगळा. पळसदरीहून खोपोलीला जाताना मात्र एकच रूळ. एक गाडी आल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही. दोन पट्ट्या म्हणजे दोन रूळ. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तिथे चितारी आपले रंगही रॅमच्या ओट्यावरच ठेवतो. त्यामुळे अशा संगणकाला दोन पट्ट्यांचा फायदा फार होतो.

रॅमच्या जाती असतात. डीडीआर ३, डीडीआर ४ अशी नावे असतात. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. बळजबरी केली तर खाच मोडते. म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात बरोबर न्यावी आणि म्हणावे, "अशीच द्या." जुनी वापरलेली पट्टी घेतली तरी चालते, हा भाग सहसा झिजत नाही. आणि विंडोज ३२ बिटांची आहे की ६४ बिटांची, तेही आधी पाहा. ३२ बिटांची विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाही. तिच्यासाठी पट्टी आणणे म्हणजे भरलेल्या घागरीत पाणी ओतणे.

पट्टी बसवल्यावर संगणक नुसताच 'टीं टीं' वाजू लागला, तर घाबरू नका. पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ असेल. शाळेतले खोडरबर घ्या, हलकेच घासा, चुरा झाडा, पुन्हा नीट दाबून बसवा. पुष्कळदा एवढ्यावर काम भागते.

डिस्कचे थोडक्यात सांगतो. जुनी डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. नवी एसएसडी, तिच्यात फिरणारे काही नाही. तबकडी सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधी एसएसडी ५०० च्या आसपास. एसएसडी लावली की संगणक चटकन सुरू होतो आणि खेळ लवकर उघडतो. पण दुकानदार म्हणेल की ह्याने खेळात चित्रे वाढतील, तर ते खरे नाही. चित्रे चितारी काढतो, कणगी नव्हे. घरच्या सगळ्या कामांसाठी मात्र एसएसडीसारखी दुसरी सोय नाही. आईलाही फरक दिसेल, मुलालाही.

ग्राफिक्स कार्ड

आता बँकर इंजिनाकडे येऊ. कचेरीतून आलेल्या संगणकात चितारी प्रोसेसरच्या पोटातच असतो. तो पत्रे लिहिण्यापुरता ठीक. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सपुढे १०० दिसत असेल आणि प्रोसेसर निवांत असेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड लावावे. खेळासाठी सर्वांत मोठा फरक ह्यानेच पडतो. पैसेही ह्यालाच सर्वांत जास्त लागतात आणि फसवणूकही ह्यातच जास्त होते. म्हणून सावकाश वाचा.

पहिली गोष्ट जागेची. कचेरीचे पुष्कळ संगणक अंगाने बारीक असतात. त्यांत पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. कमी उंचीचे, लो प्रोफाइल, मागावे लागते. आतली जागा पट्टीने मोजा आणि आकडा लिहून न्या.

दुसरी गोष्ट विजेची. ज्या खाचेत कार्ड बसते, ती खाच त्याला ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकते. त्याहून जास्त पिणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते. कचेरीच्या संगणकात ती वायर बहुधा नसते. म्हणून ७५ वॅटच्या आत चालणारे कार्ड घ्यावे. एनव्हिडियाचे जीटीएक्स ७५० टीआय हे २०१४ सालचे कार्ड ६० वॅट घेते, म्हणजे पूर्वीच्या पिवळ्या दिव्याइतके. २०१६ सालचे जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅट घेते. २०१७ सालचे जीटी १०३० तर ३० वॅटवर भागते, पण त्याचा जोरही कमी. त्यात पुन्हा दोन प्रकार आहेत. एकावर जीडीडीआर ५ ही मेमरी, दुसऱ्यावर डीडीआर ४. नाव एकच, खोकेही तसेच, पण दुसरे पुष्कळ मंद. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचून पहिलेच घ्यावे. वाचता येऊ लागल्याचा असाही उपयोग होतो.

ही सगळी कार्डे आता जुनी झाली. ती बहुधा वापरलेलीच मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला संगणकाच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. त्या रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कर्जतहून लोकलने दादरला उतरावे, पश्चिम रेल्वेची गाडी धरून ग्रँट रोडला जावे, तिथून रस्ता जवळ आहे. एका दुकानात भाव ऐकून खिशात हात घालू नये. चार दुकानांत विचारावे. भाव महिन्याला बदलतात म्हणून आम्ही इथे आकडे देत नाही.

वापरलेले कार्ड डोळ्यांदेखत चालवून दाखवायला सांगा. पंधरा मिनिटे एखादा जड खेळ चालू द्या. पडद्यावर रंगीत पट्टे किंवा ठिपके आले तर ते कार्ड सोडून द्या. काही ठग जुनाट कार्डाच्या आतली माहिती बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव चिकटवतात. संगणकही ते नाव खरे समजतो. जीपीयू-झेड नावाचा एक फुकट प्रोग्राम अशी बनावट कार्डे पुष्कळदा ओळखतो. पेन ड्राइव्हवर तो घेऊन जा. आणि शिक्का असलेले, कार्डाचा क्रमांक लिहिलेले बिल घ्या. "बिल कशाला, ओळखीचेच आहात" असे कोणी म्हटले, तर ओळख त्याच्यापाशी राहू द्यावी आणि दुसरे दुकान पाहावे.

कार्ड बसवून घरी संगणक सुरू केला आणि काहीच फरक दिसला नाही, तर एकदा संगणकाच्या मागे जाऊन पाहा. पडद्याची वायर पूर्वीच्याच जागी लावलेली असेल. ती काढून नव्या कार्डाच्या तोंडाला लावायची. पैसे देऊन आणलेले इंजिन रुळावर उभे आणि गाडी जुन्यानेच ओढायची, असा प्रकार बऱ्याच घरांत होतो.

जाता जाता विजेविषयी दोन शब्द. आपल्या खोपोलीला १९१५ सालापासून पाण्यावर वीज तयार होते. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली येते आणि यंत्रे फिरवते. पण वीज जवळ तयार होते म्हणून आपल्या घरात ती सारखी येते, असे नाही. घराचे अर्थिंग तारतंत्र्याकडून तपासून घ्या. वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले, की संगणकाची वायर भिंतीतून काढा. इंटरनेटची वायरही काढा. एका विजेने सगळी सुधारणा वाया जाऊ शकते.

पैसे कधी घालू नयेत

प्रत्येक खेळाच्या माहितीत दोन याद्या असतात. एक 'मिनिमम', एक 'रेकमेंडेड'. पहिली म्हणजे पास होण्यापुरते गुण, दुसरी म्हणजे पहिला वर्ग. उदाहरण घ्या. जीटीए ५ हा खेळ संगणकावर २०१५ साली आला. त्याला कमीत कमी ४ जीबी रॅम सांगितली होती आणि नीट चालण्यासाठी ८ जीबी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावेही तिथे दिलेली असतात. ती आपल्या संगणकाशी ताडून पाहावीत. हा खेळ आम्ही उदाहरणापुरता घेतला. त्यात मारामारी आणि शिवीगाळ पुष्कळ आहे. तो मोठ्यांसाठीच आहे, शाळेतल्या मुलाच्या हाती देऊ नये.

संगणक २०१० च्या आधीचा असेल, त्यात डीडीआर २ ची रॅम असेल, तर त्यावर नवीन पैसा घालू नका. म्हाताऱ्या बैलाला गोठ्यात ठेवावे, नांगराला जुंपू नये. तो हिशेबाला, लिहिण्याला ठेवा. त्या काळातले खेळ त्यावर अजून मजेत चालतात. साधारण २०१२-१३ च्या पुढचा, चार कोअरांचा प्रोसेसर असेल, तर खर्च सार्थकी लागतो. लॅपटॉपला मात्र वेगळे कार्ड लावता येत नाही. रॅम आणि एसएसडी बदलता आली तर तेवढेच. काहींत रॅम डाग देऊन पक्की केलेली असते, ती तर हलतही नाही.

आणखी एक मोठी गोष्ट. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ पुष्कळ जुन्या संगणकांवर रीतीने बसत नाही. संगणक त्यामुळे बंद पडत नाही, पण कुंपणाला भोके पडली तर ती आता पूर्वीसारखी आपोआप बुजवली जात नाहीत. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका. दुसरी वाट म्हणजे लिनक्स. ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावर हलके चालते. विंडोजचे बरेच खेळ आता त्यावरही चालतात. व्हॅलोरंटसारखे काही मात्र चालत नाहीत.

आणि पेन ड्राइव्हवर हातोहात फिरणारे चोरीचे खेळ घरात आणू देऊ नका. चोरी तर आहेच. शिवाय त्यांच्या पोटात विषाणू लपलेले असतात. काही विषाणू गुपचूप तुमचा संगणक दुसऱ्याच्या कामाला जुंपतात, आणि मग मुलगा पुन्हा म्हणतो, अडकतो. फुकट आणि प्रामाणिक खेळ पुष्कळ आहेत. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ तसाच एक. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही निराळीच बाब. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ते मना केले आहेत. मुलगा कुठे पैसे भरतो आहे का, एवढे मात्र पाहत राहा.

एसएसडी बसवल्यावर जी जुनी डिस्क निघेल, ती भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यावर लग्नाचे फोटो असतात, आधारच्या प्रती असतात, जमिनीचे कागद असतात. पुसले तरी जाणता माणूस ते परत काढू शकतो. ती डिस्क त्याच संगणकात दुसऱ्या जागी लावा. साठा तिच्यावर ठेवा, खेळ आणि विंडोज एसएसडीवर. तिला लागणारी एक लहान वायर दुकानातून येतानाच घेऊन या, नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा ग्रँट रोड गाठावे लागेल.